चुणी पडते ती कपडा वाळताना

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला तुमची शाळा. राहायला एकच खोली, धुणं बादलीत, आणि पाऊस लागला की दिवसदिवस लाईट नाही, त्यामुळे इस्त्री असून नसल्यासारखी. आठवड्याचे कपडे रविवारी धुता, ते बुधवारपर्यंत वाळत नाहीत. पंधरा दिवसांनी एसटीने सांगलीला घरी जाता, तेव्हा बॅगेतून कपड्यांचा बोळा निघतो. दोन सुती साड्या, चार-पाच रेऑनचे कुर्ते, झेंडावंदनाची एक पांढरी साडी, आणि टेरिकॉटच्या एका सलवारीवर बसलेली, काही केल्या न जाणारी एक चुणी. इस्त्रीशिवाय यातलं किती जमेल, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळ जमेल. सगळं जमणार नाही, तेही शेवटी सांगते.

माझं माहेर विट्याचं. घरात यंत्रमाग होते, त्यामुळे कापड विणताना बघत मोठी झाले. लग्न होऊन साताऱ्यात आले ती लाँड्रीच्या घरात. सुरुवातीची काही वर्षं सहा-सात किलोची कोळशाची इस्त्री ओढली, नंतर विजेची. या दुकानात उभं राहून आता चौतीस वर्षं झाली. इस्त्रीवर पोट असणारी बाई इस्त्री टाळायचे उपाय सांगते, याचं काही जणींना नवल वाटतं. पण जास्त गरम इस्त्रीने पिवळे पडलेले, चकाकी आलेले, काठापाशी जळलेले कपडे मी इतके बघितले आहेत की कपड्याला जितकी कमी इस्त्री लागेल तितकं त्याचं आयुष्य वाढतं, हे मी गिऱ्हाइकालाही सांगत आले आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. सुती कपड्याला चुणी बसते ती मुख्यतः वाळताना. कापसाचा तंतू आतून असंख्य बारीक बंधांनी बांधलेला असतो. पाणी आत शिरलं की ते बंध सुटतात, तंतू सैल होतो आणि आपण ठेवू तसा बसतो. पाणी उडालं की बंध पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी कपडा ज्या आकारात असेल तोच आकार पक्का होतो. पिळून दोरीवर तसाच टाकलेला कुर्ता पिळाचा आकार धरतो तो यामुळे.

आता परीट इस्त्री कशी करतो ते आठवा. कडकडीत वाळलेल्या सुती कपड्यावर आम्ही तशीच इस्त्री फिरवत नाही. आधी पाणी मारतो, कपडे गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवतो, आणि ओल सगळीकडे सारखी मुरली की मग इस्त्री लावतो. चुणी सैल करायचं काम पाण्याने आधीच केलेलं असतं. सपाट दाबून धरलेल्या कपड्यातलं पाणी चटकन उडवणं, एवढंच इस्त्रीकडे उरतं. तुमची दोरीसुद्धा तेच काम करते, फक्त सावकाश. कपडा वाळताना सरळ राहिला की झालं.

म्हणून सुरुवात बादलीपासून. रविवारी आठवड्याचं धुणं एकदम काढू नका. रोज संध्याकाळी एक जोड धुवा. एका बादलीत आठ कपडे कोंबले की ते भिजताना, खळबळताना आणि पिळताना एकमेकांत अडकतात, शिवाय छोट्या खोलीत आठ कपडे मोकळे वाळत घालायला जागाही नसते. शेवटचं पाणी भरपूर घ्या, कपडा त्यात सुटा तरंगला पाहिजे. आणि पिळू नका. ही सवय मोडायला सगळ्यांत जड जाते, कारण आपल्या आयांनी आपल्याला पीळ घट्ट घालायलाच शिकवलेलं असतं. कपडा पाण्यातून काढून चार पदरी घडी करा, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढा आणि टपटपत असतानाच दांडीवर टाका. खाली बादली ठेवली की फरशी ओली होत नाही. निथळणाऱ्या पाण्याचं वजनच कापडाला खाली ओढून सरळ करतं. ओली सुती साडी उचलून बघा, कोरड्या साडीच्या दुपटी-तिपटीने जड लागते. हे वजन तुमच्या कामाचं आहे.

पावसात टपटपता कपडा वाळायला वेळ लागेल, हे खरं. त्यावर टॉवेलचा उपाय चांगला. जाड कोरडा टॉवेल पसरा, त्यावर कुर्ता बाह्यांसकट सपाट मांडा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुडघ्याने किंवा तळव्याने दाबत जा. पीळ न घालता निम्मंअधिक पाणी टॉवेलात जातं. सांगलीला घरी मशीन असेल तर तिथे एवढंच पाळा: मशीन ठासून भरायचं नाही, ड्रायर थोडाच वेळ फिरवायचा, आणि मशीन थांबलं की कपडे लगेच काढायचे. गोल फिरून भिंतीला चिकटलेले कपडे तासभर तसेच राहिले की चुण्या बसायला लागतात.

टेरिकॉट आणि टेरिलीनचं मात्र वेगळं. टेरिलीन म्हणजे पॉलिएस्टर, टेरिकॉट म्हणजे त्यात सूत मिसळलेलं कापड. टेरिलीनचा धागा पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. साध्या हवेत शंभर ग्रॅम सूत सात-आठ ग्रॅम ओल धरून बसतं, शंभर ग्रॅम टेरिलीन जेमतेम अर्धा ग्रॅम. त्यामुळे पाण्याने त्याला चुणी पडत नाही, पडते ती उष्णतेने. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास हा धागा मऊ पडतो, आणि निवताना जसा दुमडलेला असेल तसा ताठ होतो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी एका गिऱ्हाइकाच्या दोन टेरिलीन पॅन्टी बंबातल्या कढत पाण्यात भिजवल्या आणि दुसऱ्या कामाला लागले. पाणी निवलं तशा त्या टबात दुमडलेल्याच निवल्या. मांडीवर आडव्या तीन-तीन रेघा बसल्या, त्या पूर्ण कधीच गेल्या नाहीत. सासऱ्यांनी पॅन्टीचे पैसे भरून दिले. त्या दिवसापासून टेरिकॉटला आमच्याकडे गार पाणी. तुम्हीही तेच करा, थंडीच्या दिवसांतही फार तर कोमट.

आता वाळत घालणं. कपडा दांडीवर टाकण्याआधी दोन्ही हातांत खालच्या शिवणीला धरून तीन-चार वेळा जोरात झटका. चाबकासारखा आवाज आला पाहिजे. हलक्या हाताने हलवून काही होत नाही. झटकून झालं की शिवणी ओढा, आणि हे फार थोडे लोक करतात. कुर्त्याच्या बाजूची शिवण, बाहीची शिवण, गळ्याची पट्टी, बटणपट्टी ही सगळी एकेक करून दोन हातांत धरून लांबीत ताणायची. शिवणीत दोन-तीन पदर असतात, शिवणीचा दोरा आणि कापड वेगवेगळे आकसतात, म्हणून चुण्या तिथे जमतात. बाकी कपडा सपाट असला तरी बटणपट्टी वळली की तो बिनइस्त्रीचा दिसतो. उलट गळा, पट्टी आणि बाहीची टोकं सरळ असली तर पाठीवरच्या दोन चुण्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. म्हणून वेळ कमी असेल तेव्हा नुसती एवढीच तीन ठिकाणं ओढा.

बारीक नायलॉनच्या दोरीवर कपडा टाकला की मधोमध दोरीची रेघ उठते. त्यापेक्षा खोलीत आडवा बांबू बांधा. बांबू नाही मिळाला तर दोरीवर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा, जाडी आली की रेघ उठत नाही. चिमटे लावायचे तर शिवणीवर, कापडाच्या मोकळ्या भागावर नाही. सुती कुर्ता, शर्ट हँगरला लावा, वरचं बटण घाला आणि खांदा हँगरच्या खांद्यावर नीट बसवा. सलवार किंवा पॅन्ट उलटी, पायाकडून टांगा. कमरेकडचा भाग जड असतो, तो खाली आला की पाय आपोआप ताणले जातात.

रेऑनच्या कुर्त्यांना यात एक अपवाद करा. सूत ओलं झालं की मजबूत होतं, रेऑन ओलं झालं की कमजोर होतं आणि लांबतं. टपटपता रेऑनचा कुर्ता हँगरला लावला तर खांद्याला टोकं येतात आणि खालची कड वरखाली होते. तो आधी बांबूवर कमरेपाशी दुमडून निथळू द्या, पाणी टपकायचं थांबलं की हँगरला लावा. आणि रेऑनला पीळ तर अजिबात नको, त्याने चुण्याही पडतात आणि कापडही विरतं.

साडी दोघींनी मिळून ओढायची असते. आमच्याकडे अजून तशीच ओढतात, दोन टोकांना दोघी, आधी लांबीत, मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकी. तिरकी ओढ महत्त्वाची आहे. मागावर ताण्याचे उभे धागे घट्ट ताणलेले असतात आणि त्यात बाण्याचा आडवा धागा काटकोनात बसतो. धुताना हा काटकोन सरकतो, तिरकं ओढल्यावर तो परत जागेवर येतो आणि काठ सरळ होतो. विट्याला घरी आजी नवी साडी पहिल्यांदा धुतली की मला समोर उभं करून हेच करायला लावायची. तुम्ही खोलीत एकट्या आहात, तर साडीची एक कड दाराच्या कडीला जाड फडक्याने बांधा आणि दुसरी कड घेऊन मागे सरका. मग लांबीत दुमडून, काठावर काठ ठेवून बांबूवर टाका. काठ जुळले नाहीत तर साडी वाळल्यावर एक बाजू गोळा झालेली दिसते.

यापुढचं सगळ्यांत उपयोगाचं. कपडा पूर्ण वाळायच्या आधी आंबटओला असतो, म्हणजे हाताला गार लागतो पण ओल दिसत नाही. ही वेळ हातची जाऊ देऊ नका. त्या वेळी कपडा काढा, चटईवर सतरंजी पसरून त्यावर मांडा आणि तळव्याने मधून कडेकडे सारत न्या. गळ्याची पट्टी बोटांनी दाबून बसवा. मग नीट घडी करा, जुन्या सुती फडक्यात गुंडाळा आणि गादीखाली सरकवा किंवा वर ट्रंक ठेवा. तास-दोन तासांनी काढून हँगरला लावा आणि उरलेली ओल वाऱ्यावर जाऊ द्या. वजन, थोडी ओल आणि सपाट जागा, इस्त्रीतली फक्त उष्णता इथे कमी आहे. पूर्वी शाळेतली पोरं, फौजेतले जवान पॅन्ट गादीखाली घालून झोपायची, त्यात काही खुळेपणा नव्हता. फरक एवढाच की पावसाळ्यात आंबटओला कपडा रात्रभर गादीखाली ठेवायचा नाही. त्याला कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडले तर ते परटाकडूनही सहजी निघत नाहीत. आणि गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका, छपाईची शाई पांढऱ्या कपड्यावर उतरते.

तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मेढ्याच्या वरचा भाग त्याच रांगेच्या कुशीत आहे. याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माझी नणंद दहिवडीला असते, तिला उलट त्रास. एप्रिलच्या उन्हात तिचे कपडे अर्ध्या तासात खाकऱ्यासारखे कडक वाळतात आणि झटकायची राहिलेली प्रत्येक चुणी पक्की होऊन बसते. तिला मी सावलीत वाळत घालायला सांगते, तुम्हाला वाऱ्यात. कपडे वाळायला उन्हापेक्षाही हलती हवा लागते. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, खिडकी आणि दार समोरासमोर असतील तर बांबू त्या रेषेत बांधा, लाईट असेल तेव्हा पंखा सोडा. चुलीच्या वर वाळत घालणाऱ्या बायका तिकडे बघितल्या असतील. लवकर वाळतं खरं, पण धुराचा वास आणि पिवळसर झाक येते. पांढऱ्या साडीला तर ते करूच नका.

लाईट नसताना अगदी घाईची वेळ आली तर तांब्या. जुनी माणसं पितळी तांब्यात निखारे घालून टोपीवर, सदऱ्यावर फिरवायची. निखारे तुम्ही वापरू नका, एक ठिणगी उडाली तर कपडा जातो आणि हातही भाजतो. सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, आतून-बाहेरून स्वच्छ, बुडाला काजळी नको. त्यात अर्ध्यापर्यंत उकळतं पाणी, वर झाकण, बूड कोरडं पुसून घ्या आणि पकडीने धरून आंबटओल्या कपड्यावर ठेवा. सरकवायची घाई नको, एका जागी चार-पाच सेकंद दाबा, मग पुढे. उकळत्या पाण्याचं बूड शंभर अंशांच्या आतच राहतं. सुती कपड्याला इस्त्री लागते दोनशेच्या आसपास, म्हणून कोरड्या सुती कपड्यावर याचा उपयोग होत नाही, ओलसर कपड्यावर होतो. गळा, पट्टी आणि ओढणीची टोकं यांना पुरतं. अख्ख्या साडीला मी हा उपाय सुचवणार नाही, पाणी निवत जातं आणि आपण नुसत्या दमतो.

आता अंगावरच्या चुण्या. एसटीत दीड तास बसलात की काय होतं? अंगाची ऊब, घामाची ओल आणि तुमचं वजन. इस्त्रीला लागतं ते सगळं तिथे आहे, फक्त कापड चुरगळलेलं आहे. बसताना कुर्त्याचा मागचा भाग दोन्ही हातांनी सरळ करून किंवा बाजूला घेऊन बसा. साडी असेल तर निऱ्या मांडीवर मोकळ्या सोडा, गुडघ्यात कोंबू नका. आणि घरी आलात की कपडा खुर्चीवर टाकू नका, ही विनंतीच समजा. अंगातून काढलेल्या कपड्यात ऊब आणि ओल दोन्ही असतात, त्याच वेळी तो झटकून हँगरला लावला तर निम्म्या चुण्या आपोआप उतरतात. खुर्चीवर बोळा करून टाकला तर त्या निवून पक्क्या होतात. तासभर वाऱ्यावर राहिला की मग कपाटात. मागे उरलेल्या एखाद्या चुणीवर हात ओला करून पुसल्यासारखा फिरवा, कापड दोन्हीकडून ताणा आणि सोडून द्या. सकाळपर्यंत ती जाते.

बॅगेचं मला शिकवलं ते अपशिंग्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी. त्या गावात घरटी फौजी, सुट्टीवर आलेल्यांचे गणवेश आमच्याकडे यायचे. ते म्हणायचे, बॅगेत कपडा हलता कामा नये. चुण्या पडतात त्या अर्ध्या रिकाम्या बॅगेत, प्रत्येक खड्ड्याला कपडे सरकतात म्हणून. त्यामुळे लहान बॅग घ्या आणि ती भरा. कुर्ते शिवणीवर शिवण ठेवून उभे दुमडा, बाह्या आत घ्या आणि मऊ कपड्यावर गुंडाळा, मधोमध पंचा किंवा टॉवेल ठेवला की गोलाई राहते. ताठ घडी पडत नाही. सुती साडी गुंडाळू नका, तिची घडीच बरी, पण दोन पदरांत जुनी सुती ओढणी घाला म्हणजे घडीची धार बसत नाही. रेशमी साडी नेत असाल तर दर वेळी घडीची जागा बदला, जरीवर एकाच जागी घडी राहिली की जर तिथे तुटते. घरी पोहोचल्यावर चहाच्या आधी बॅग उघडा आणि कपडे टांगा. प्रवासातल्या चुण्या ताज्या असतात तोवर हलक्या असतात.

पुढच्या वेळी कापड घ्याल तेव्हा दुकानातच कोपरा मुठीत घट्ट धरा, मनात दहा आकडे मोजा आणि सोडा. मूठ सोडल्यावर कापड जसं दिसेल तसं ते एसटीतून उतरल्यावर दिसणार. मात्र नव्या कापडात पुष्कळदा कांजी असते, तिच्यामुळे ते ताठ आणि छान वाटतं. आधी दोन बोटांत चोळून बघा, पांढरी भुकटी सुटली तर तो ताठपणा पहिल्या धुण्यात जाणार. माझं स्वतःचं मत असं की तुमच्या गावाला, त्या पावसात, रोजच्या शाळेसाठी टेरिकॉट मिसळीचं कापड बरं. ६५-३५ किंवा ६७-३३ असं प्रमाण सांगतात, त्यातला मोठा आकडा टेरिलीनचा. ओल कमी धरतं, लवकर वाळतं, चुणी कमी घेतं. उन्हाळ्यात मात्र त्यात उकडतं, तेव्हा सूतच घाला. जॉर्जेटच्या धाग्याला मुळातच घट्ट पीळ असतो, त्यावर चुणी दिसत नाही. बनियनसारखं विणलेलं कापड फासाफासांचं असतं, ते दाबलं तरी परत उसळतं. लिननला चुण्या पडणारच, ते घेतलं तर त्या मान्य करून घ्यावं. ‘रिंकल-फ्री’ म्हणून सुती कपडे मिळतात, त्यांच्या तंतूंना रसायनाने आतून जोडलेलं असतं म्हणून ओल लागली तरी ते सरकत नाहीत. चांगले असतात, पण अशा कापडाची ताकद घटते. त्यांना ब्लीच लावू नका.

खळीबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. साडीला खळ केली की ती उभी छान राहते, हे खरं. पण खळीचं कापड बसताना एकदा मोडलं की ती रेघ साध्या कापडापेक्षा ठळक दिसते. आणि पावसात खळ नकोच, ओल धरते आणि कसर लागते. दिवाळीनंतर करा: दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून घ्या, अर्ध्या बादली गार पाण्यात मिसळा, साडी बुडवून न पिळता वाळत घाला. कपडे मऊ करायचं जे द्रव मिळतं त्याने तंतू एकमेकांवरून घसरतात, म्हणून चुणी थोडी कमी पडते, पण टॉवेलला ते लावू नका, तो पाणी कमी शोषतो. व्हिनेगर फवारण्याचे उपाय फिरत असतात. त्यात काम करतं ते पाणीच, साधं पाणी फवारा. गरम पाण्याने आंघोळ करताना न्हाणीघरात कपडा टांगायचा उपाय लोकरी आणि रेशमी कपड्याला चांगला. सुताला त्याने फारसं होत नाही, आणि तुमच्या हवेत तर कपडा उगाच दमट होईल.

राहिली ती टेरिकॉटची सलवार. ती चुणी गरम पाण्यात किंवा कोणीतरी चुकीची इस्त्री फिरवून बसलेली असणार. सांगलीला जाल तेव्हा, लाईट असताना, त्यावर ओलं सुती फडकं ठेवून मध्यम इस्त्री दाबून धरा, इस्त्रीवर दोन ठिपके असतात त्या खुणेवर, सात-आठ सेकंद. फडकं काढल्यावर लगेच उचलू नका, पाटीसारखी सपाट वस्तू वर ठेवून ते पूर्ण निवू द्या. निवतानाच ती सरळ बसायची आहे. दोनदा करून गेली नाही तर तिसऱ्यांदा करू नका, कापड चमकायला लागेल. सलवार घेरदार असेल तर ती जागा निऱ्यांत घेता येते.

आणि पांढऱ्या साडीला मी सवलत देते. पंधरा ऑगस्टला खळ आणि इस्त्री लावलेली पांढरी साडीच हवी, ते काम गादीखाली होत नाही. आठवडाभर आधी साताऱ्याला किंवा मेढ्याला कोणी येत असेल त्याच्याबरोबर लाँड्रीत द्या. आल्यावर तिची घडी मोडू नका, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून सगळ्यांत वर ठेवा, तिच्यावर काही नको. चौदा तारखेच्या रात्री घडी उलगडून हँगरच्या दांडीवर लांबीत टाका, खिडकीपासून लांब, म्हणजे घडीच्या रेघा रात्रीत उतरतील आणि पावसाची ओलही तिला लागणार नाही.